पोटाखालचा पत्रा

त्या हंगामात गारेनच्या बर्फगाडीचा पट्टा तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा नोव्हेंबरचा पहिला आठवडाही संपला नव्हता.

ती दगडी उतारावर होती. बर्फ जेमतेम वीतभर पडलं होतं, आणि तेवढंच बर्फ सगळ्यात वाईट. दगड दिसेनासे होतात, पण झाकले जात नाहीत. चौदा वासरांसकट साठेक रेनडिअर ती हळूहळू खाली आणत होती. पुढची म्हातारी मादी वळणापर्यंत पोचलीही होती, आणि गाडीच्या डाव्या पोटाखाली खाडकन आवाज झाला. गारेनला आवाज ओळखीचा होता. पोटाचं प्लास्टिक फुटलं की फटीतून बर्फ आत घुसतं, दोन पुल्यांवर फिरणारा पट्टा ओला होतो आणि घसरायला लागतो. मग इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी हलत नाही. तसंच झालं. जळक्या रबराचा वास आला, धूर आला आणि पट्टा तुटला.

म्हाताऱ्या मादीने एकदा मागे वळून पाहिलं. पाठलाग करणारं कुणी उरलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. ती वळली, तिच्यामागे बाकीची वळली, आणि दोन तासांची मेहनत पाच मिनिटांत टेकडीपलीकडे गेली.

गारेनने सीटखालचा जादा पट्टा काढला. हातमोजे काढल्याशिवाय तो बसत नाही, आणि काढले की बोटं दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी होतात. पट्टा बसवून झाल्यावर तिने थोरल्या भावाला फोन लावला.

"परत?" इस्सातने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"परत."

"गारेन, तू गाडी चालवतेस की दगड फोडतेस?"

"जनावरं वर गेली, दादा. तुझ्या बाजूला उतरली तर बघ."

"माझ्या बाजूला कशाला उतरतील ती. शनिवारच्या आत आण म्हणजे झालं. आणि त्या गाडीला पत्रा लाव. दोन वर्षं सांगतोय."

हे मात्र खरं होतं. दोन वर्षं तो सांगत होता, आणि एकटा तोच नव्हे. गाडीच्या पोटाखाली कोणता पत्रा लावावा याबद्दल मत नसलेला माणूस त्या गावात नव्हता. इस्सात म्हणायचा अॅल्युमिनियमचा लाव. चुलत भाऊ निल्लास म्हणायचा, अॅल्युमिनियम वाकतं, आणि वाकलं की पोट आतूनच फोडतं. शिवाय दगडावर असा काही किंचाळतं की अर्धा कळप शेजारच्या देशात जातो. त्याचं म्हणणं जाड प्लास्टिक लाव, त्यालाही सगळे पत्राच म्हणत. पेट्रोल पंपावरचा माणूस सांगायचा, काहीच लावू नकोस, वजन वाढतं. गारेनला वाटायचं, ह्या सगळ्यांनी मिळून एक दिवस तिच्याबरोबर उतारावर यावं आणि तिथे उभं राहून भांडावं.

दुसऱ्या दिवशी ती ओड्वारच्या दुकानात गेली. ओड्वार तिच्याच वर्गात होता. तेव्हाही त्याला प्रश्नाचं उत्तर सरळ देता यायचं नाही.

"कोणत्या सालची गाडी?"

"सतराची."

"मागचा दिवा गोल आहे की लांबट?"

"दिव्याचा काय संबंध? मला पोटाचा पत्रा हवाय."

"संबंध आहे म्हणून विचारतोय ना."

ती बाहेर जाऊन पाहून आली. "लांबट."

"मग ती अठराची. कागदावर सतरा असेल, पण अंग अठराचं. सतराचा पत्रा तिला बसणार नाही. डाव्या पायाजवळ नंबर ठोकलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे सांग."

ती पुन्हा बाहेर गेली. नंबरावर बर्फ गोठलं होतं, ते किल्लीने खरवडलं. परत येऊन आकडे सांगितले. ओड्वारने संगणकात टाकले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"सुरुवातीला अक्षर आहे का काही?"

"ओड्वार, मी आता बाहेर जाणार नाही."

"बरं बरं. आपण धरून चालू."

त्याने काउंटरवर दोन पत्रे ठेवले आणि तिसऱ्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. पहिला अॅल्युमिनियमचा, चकचकीत, बोटाने दाबला तर जरासा लवणारा. दुसरा काळ्या प्लास्टिकचा, करंगळीएवढा जाड, पोटाला तिन्ही बाजूंनी कवेत घेणारा. चित्रातला तिसराही प्लास्टिकचाच, पण त्याला खाली आडव्या फटी होत्या.

"हा फटींचा कशाला असतो?" गारेनने विचारलं.

"पाणी जायला. पण तो माझ्याकडे नाही. मागवला तर फेब्रुवारी. तू हा बंदवाला घे. बर्फाचा कणसुद्धा आत जाणार नाही."

"आणि गेलाच, तर बाहेर कुठून येणार?"

"आत जाणारच नाही म्हटल्यावर बाहेर यायचा प्रश्न येतोच कुठे?"

गारेन त्या काळ्या पत्र्याकडे पाहत उभी राहिली. उत्तर चुकीचं आहे हे तिला कळत होतं, पण नेमकं कुठे चुकलंय त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. बाहेर उजेड ओसरायला लागला होता. शनिवारी सगळे कळप कुंपणात आणायचे होते, आणि तिची साठ जनावरं टेकडीपलीकडे होती. तिने बंदवाला घेतला.

पत्र्याला आठ भोकं होती. सहा जुळली. उरलेली दोन बोटभर मागे पडत होती, म्हणजे ते अक्षर होतंच कुठेतरी. गाडी आडवी करून, पाठीखाली जुनं कातडं टाकून ती शेडमध्ये जमिनीवर पडली होती, तेवढ्यात मारेतवहिनी कॉफीची किटली घेऊन आली. इस्सातची बायको शेजारच्याच घरात राहायची, आणि नणंदेची शिवी ऐकू आली की कॉफी घेऊन यायची.

"बसत नाही का?"

"सहा बसलेत. दोन बसायला तयार नाहीत."

"मी दाबून धरते, तू नवीन भोकं पाड."

वहिनीने गुडघा टेकवून पत्रा दाबला. गारेनने ड्रिल लावलं. काळ्या प्लास्टिकचे कुरळे काप तिच्या तोंडावर पडत राहिले.

"तुझ्या दादाच्या गाडीच्या पोटाला ओरखडासुद्धा नाही," वहिनी म्हणाली. "चार वर्षं झाली. परवा धुतली तेव्हा बघत होते. कारखान्याचा कागद अजून चिकटलेला आहे."

"दलदलीवरून फिरतो तो. दलदलीत ओरखडा कशाचा येणार?"

"हो. तेच म्हणते मी."

गारेनने ड्रिल थांबवलं. वहिनी किटलीचं झाकण नीट बसवत होती. 

गुरुवारी गाडी उतारावर गेली, आणि पहिले दोन तास गारेन गेल्या कित्येक दिवसांत नव्हती इतकी खूष होती. दगड लागत होता, पण खाडकन न होता नुसतं घसटल्यासारखं व्हायचं, आणि गाडी पुढे. आवाज इतका कमी की जनावरं बिचकतही नव्हती. टेकडीपलीकडे तिला पंचेचाळीस सापडली. तिने त्यांना वळवलं, रांगेत घातलं, आणि ती चढावरून उताराच्या तोंडाशी आणली. इथून खाली तासाभराचं काम.

तिथे पट्टा घसरला.

आधी तिला वाटलं, चुकून झालं. तिने वेग कमी केला, पुन्हा दिला. इंजिन ओरडलं, गाडी जागच्या जागी थरथरली. उतरून तिने डावी बाजू उघडली. पत्र्याच्या आत, पुलीच्या खाली, बर्फाच्या चिखलासकट पाणी साचलं होतं. खालची पुली त्यात बुडून फिरत होती आणि पट्टा दर फेरीला न्हाऊन निघत होता.

बर्फ खालून गेलंच नव्हतं. ते बाजूच्या हवेच्या जाळीतून गेलं होतं, जसं नेहमीच थोडंफार जातं. पुल्या तापल्या की ते वितळतं, आणि पोटाला मुळातच असलेल्या दोन भोकांतून पाणी गळून जातं. त्या दोन भोकांवर आता करंगळीएवढं जाड प्लास्टिक होतं. तिने स्वतः आवळलेलं, वहिनीने गुडघ्याने दाबून धरलेलं.

तिने थर्मासच्या झाकणाने पाणी उपसलं. पट्टा पुसायला टोपी वापरली. तोपर्यंत पंचेचाळीस जनावरं आधी चरायला पांगली आणि मग, कुणी हाकत नाही म्हटल्यावर, चरत चरत जिथून आणली होती तिकडे निघाली. गारेनने पत्र्याला लाथ मारली. पत्र्याला काही झालं नाही. फारच मजबूत होता तो. तिचा अंगठा मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होता.

शुक्रवारी दुपारी सगळे इस्सातच्या स्वयंपाकघरात जमले. शनिवारी कोण कुठून जनावरं आणणार ते ठरवायचं होतं, म्हणजे दरवर्षी जे ठरतं तेच पुन्हा म्हणायचं होतं. टेबलावर वाळवलेलं मांस होतं, सुरी होती, कॉफीत टाकायला चीजचे तुकडे होते.

"ऐकलं का," इस्सात निल्लासला म्हणाला, "आमच्या गारेनने गाडीला न्हाणीघर जोडलंय. पट्टा आंघोळ करून मगच कामाला लागतो."

निल्लास हसला. "मी प्लास्टिक सांगितलं होतं. पण बंद नाही सांगितलं."

"अॅल्युमिनियम घेतला असता तर हे झालंच नसतं," इस्सात म्हणाला.

"अॅल्युमिनियमनेसुद्धा भोकं झाकलीच असती की."

"झाकली असती. पण अॅल्युमिनियम तापतं. पाणी उडून जातं."

"तापतं कसलं? उणे वीसमध्ये?"

दोघं खरोखरच वाद घालायला लागले. सुरी घेऊन निल्लासने टेबलाच्या मेणकापडावर पत्र्याचा आकारही काढून दाखवला. गारेन मांसाचा तुकडा चावत ऐकत होती. तिच्या गाडीच्या पोटाबद्दल ते अर्धा तास बोलले असते, आणि त्या अर्ध्या तासात उताराचं नावसुद्धा निघालं नसतं.

"उद्या मी दलदलीकडून जाते," ती म्हणाली.

दोघं थांबले.

"म्हणजे?" इस्सात म्हणाला.

"दलदलीकडची जनावरं मी आणते. तू उतारावर जा."

"उतार तुझा आहे."

"कुणी दिला मला?"

"बाबांनी दिला. कुणी म्हणजे?"

"बाबा म्हणाले होते, नवीन माणसाने आधी उतार शिकावा. मी किनाऱ्यावरची नोकरी सोडून आले ते वर्ष. एका हिवाळ्यापुरतं म्हणाले होते, दादा. एकोणीस वर्षं झाली. निल्लास माझ्यानंतर आठ वर्षांनी आला, तो सरळ तळ्याकडच्या बाजूला गेला. तिथे सपाट गोठलेलं पाणी. मग नवीन माणूस मी कशी?"

निल्लासने सुरी खाली ठेवली आणि कॉफीत बघायला लागला.

"तुला तो उतार माहीत आहे," इस्सात आवाज खाली आणून म्हणाला. "तिथली जनावरं तुझ्या गाडीचा आवाज ओळखतात. मी जागा वाटतो ते कामाचं बघून वाटतो. कुणावर राग म्हणून नाही."

"राग म्हणून वाटत असतास तर बरं झालं असतं. निदान तुझ्या डोक्यात तरी असता तो उतार. तुझ्या डोक्यात तो नाहीच. मी पट्टे तोडते, एवढंच आहे. दरवर्षी तीन, चार. त्यावर तू विनोद करतोस आणि मला पत्र्याचे सल्ले देतोस. पत्रा कोणता हा प्रश्नच नाहीये."

"मग काय आहे प्रश्न?"

"चार वर्षं तुझ्या गाडीच्या पोटावर कारखान्याचा कागद आहे, हा."

इस्सातने बायकोकडे पाहिलं. मारेत सिंककडे तोंड करून भांडं घासत होती. "मी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "गाडी अंगणातच असते. दिसतंच." आणि थोड्या वेळाने, तशीच पाठमोरी, "जा की एक दिवस. एवढं काय त्यात?"

"जातो," इस्सात म्हणाला. "मला काय. जातो. बघू काय एवढं आहे तिथे."

शनिवारी गारेन दलदलीवरून गेली. गोठलेल्या दलदलीवर गाडी अशी चालत होती की तिला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं, गाडीखालचा ट्रॅक जागेवर आहे ना. मधूनमधून थांबून पत्र्यातलं पाणी उपसलं, तरी जनावरं आपणहून पुढे चालत राहिली. बारा वाजायच्या आत तिने दोनशेच्या वर रेनडिअर कुंपणात घातली, आणि कुंपणाला टेकून गरम रस्सा प्यायली. इतक्या वर्षांत या दिवशी तिला कधी बसायला मिळालं नव्हतं. तरी रस्सा गोड लागला नाही. टेकडीपलीकडे सगळी नाहीत तरी निम्मी जनावरं कानावर कातरलेल्या तिच्या खुणेची होती, आणि ती आणायला जो गेला होता त्याला ती कुठे दडतात हे माहीत नव्हतं.

इस्सात तीन वाजता आला. निळसर उजेडही संपत आला होता. तो निल्लासच्या गाडीवर मागे बसला होता आणि स्वतःची गाडी दोराने ओढत आणली होती. पोटाचा डावा भाग अर्धा गायब होता. मागून सतरा जनावरं कशीबशी चालत होती.

 त्याने आधी बोलावं असं गारेनला वाटत होतं.

"यंदा उतार जरा जास्तच वाईट आहे," इस्सात म्हणाला.

 एकोणीस वर्षांत हेच एक वाक्य कुणीतरी तिच्यासाठी वापरायला हवं होतं. आज त्याने ते वापरलं, स्वतःसाठी.

"यंदा?" ती म्हणाली.

"बर्फ कमी पडलंय ना."

"दरवर्षी या दिवसांत एवढंच असतं, दादा. वीतभर."

तो हातमोजे काढत राहिला. बोटं आखडली होती, एक मोजा निघेना. निल्लासने मध्ये तोंड घातलं, "अर्धी वाट ओढत आलो राव, त्या वळणावर तर..." आणि गारेनच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"वासरं?" तिने विचारलं.

"दिसली नाहीत. पाणथळीच्या खड्ड्यात असतील का?"

"तिथे गेला होतास?"

"तिथपर्यंत पोचलोच नाही," इस्सात म्हणाला. एवढं मात्र सरळ बोलला.

रविवारी सकाळी गारेनने पत्रा सोडवला. पोटाची मूळची दोन भोकं जिथे येतात तिथे खडूने खुणा केल्या आणि अंगठा आत जाईल एवढी भोकं पाडली. मग विचार करून मागच्या कडेला आणखी तीन पाडली, तिरकी, म्हणजे पाणी वेगात मागे फेकलं जाईल आणि पुढून बर्फ कोंबलं जाणार नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या तीन दिवसांत ती पाण्याकडे इतका वेळ बघत बसली होती की ते कुठून जायला बघतंय हे तिला पाठ झालं होतं. किटलीने पाणी ओतून तिने तपासलं. गळून गेलं.

सोमवारी ती उतारावर निघाली तेव्हा इस्सात अंगणात उभा होता, निल्लासची गाडी घेऊन.

"मी येतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"वासरं आहेत ती. दोघं असलेलं बरं."

गारेनने गाडी सुरू केली. निघाली. तो मागून आला. उताराच्या पायथ्याशी तिने उजवीकडची कड धरली, मग झुडपांच्या दोन ओळींच्या मधून, मग जिथे सरळ जावंसं वाटतं तिथे मुद्दाम खाली उतरून वळसा. तो तिच्या मागावरूनच येत होता, हातभरसुद्धा इकडेतिकडे न होता. तरी दोनदा त्याच्या गाडीखाली दगड वाजला. दोन्ही वेळा तिने मागे पाहिलं नाही.

वर पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं. "शनिवारी मी सरळ गेलो होतो," तो म्हणाला. "ते झुडपांच्या मधून जायचं असतं हे मला कसं कळणार?"

"मला कसं कळलं?"

  त्याने उतरून निल्लासच्या गाडीचं पोट वाकून तपासलं, हात फिरवला.

"पुढच्या वर्षी निल्लासला देऊ इकडे," तो म्हणाला. "मग मी. मग तू. पाळीने."

"निल्लासला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं?"

"विचार," गारेन म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं."

पाणथळीच्या खड्ड्यात त्यांना अडतीस सापडली, त्यात नऊ वासरं. चौदा असायला हवी होती. उरलेली पाच शेजारच्या कळपात मिसळली असतील आणि वसंतात कानखुणा बघताना परत मिळतील, असं इस्सात म्हणाला. किंवा लांडग्याने नेली असतील, असं तो म्हणाला नाही. खाली येताना पट्टा एकदाही घसरला नाही. वळणावर गारेनने थांबून डावी बाजू उघडली, हात घालून पाहिला. पुली कोरडी होती. तिने झाकण लावलं आणि जनावरं पुढे सरकायची वाट बघत उभी राहिली. मागून इस्सातने ओरडून विचारलं की आता डावीकडून की उजवीकडून. तिने हात वर करून उजवीकडे दाखवला.